कृषी पर्यटन : पाहुणा दारी, पण शेती आधी
(जागतिक पर्यटन व्यवसायातील चढउतार आणि त्यातून शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध)

शेतीला जोडधंदा हवा, हे आता नव्याने सांगण्याची गरज राहिलेली नाही. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, रेशीम उद्योग, मधमाशीपालन यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत कृषी पर्यटन हा व्यवसायही महाराष्ट्रात चांगला पुढे आला आहे. नेरळजवळील सगुणा बाग किंवा बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथील केंद्र ही नावे आता अनेकांना परिचित आहेत. शहरातील माणूस दोन दिवस शेतावर येतो, चुलीवरची भाकरी खातो, बैलगाडीत बसतो, मुलांना गाईचे दूध काढताना दाखवतो आणि त्याचे पैसे देतो. शेतकऱ्याला यातून रोख उत्पन्न मिळते. बाजारभाव पडला तरी हा पैसा हाती येतो, हे त्याचे मोठे आकर्षण आहे.

परंतु शेजारच्या गावात कोणी चार खोल्या बांधल्या आणि त्या शनिवार-रविवारी भरलेल्या दिसतात, एवढ्यावरून कर्ज काढून या व्यवसायात उडी घेणे योग्य नव्हे. पर्यटन हा जगभर पसरलेला मोठा व्यवसाय आहे. त्याला स्वतःचे हंगाम आहेत, स्वतःचे रोग आहेत आणि स्वतःचा दुष्काळही आहे. तो जगात कसा वाढला, कशाने कोसळला आणि निरनिराळ्या देशांतील शेतकऱ्यांनी त्यातून कसा मार्ग काढला, हे समजून घेतल्यास आपल्याकडील निर्णय अधिक डोळसपणे घेता येतील. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने माहिती दिली आहे.

जागतिक पर्यटनाची वाढ आणि धक्के

इ. स. १९५० मध्ये आपल्या देशाची सीमा ओलांडून दुसऱ्या देशात मुक्कामाला गेलेल्या प्रवाशांची संख्या साऱ्या जगात मिळून सुमारे अडीच कोटी होती. २०१९ मध्ये हीच संख्या सुमारे १४६ कोटींवर गेली. स्वस्त विमान प्रवास, वाढलेला मध्यमवर्ग, पगारी रजा आणि घरबसल्या खोली राखून ठेवण्याची सोय ही या वाढीची प्रमुख कारणे होत. इतक्या झपाट्याने वाढलेले व्यवसाय जगात थोडेच असतील.

यानंतर २०२० साल उजाडले. कोविडच्या साथीमुळे देशांच्या सीमा बंद झाल्या आणि त्या एका वर्षात ही संख्या सुमारे ४० कोटींवर आली. म्हणजे शंभरातील सत्तरहून अधिक प्रवासी एका वर्षात नाहीसे झाले. व्यवसाय पूर्वपदावर येण्यास चार वर्षे लागली. २०२४ मध्ये ही संख्या पुन्हा १४० कोटींच्या घरात पोहोचली. दरम्यानच्या काळात अनेक देशांत हॉटेलांतील आचारी, वाढपी व सफाई कामगार दुसऱ्या कामांकडे वळले आणि पाहुणे परत आले तेव्हा कामाला माणसे मिळेनात.

आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली. हुरड्याचा हंगाम तेव्हा संपला होता आणि उन्हाळी सुट्टीचा हंगाम तोंडावर आला होता. कृषी पर्यटन केंद्रांसाठी एप्रिल-मे हे महिने म्हणजे ऐन सुगी. ती पूर्णपणे हातची गेली. ज्यांची शेती चालू होती त्यांच्याकडे निदान विकायला भाजी, दूध, आंबा आणि खायला घरचे धान्य होते. ज्यांनी शेती मोडून त्या जागी केवळ खोल्या, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव केला होता, त्यांच्याकडे हप्त्याशिवाय काही उरले नाही.

यावरून पहिला धडा असा की, पर्यटनाचे उत्पन्न हे जिरायत पिकासारखे आहे. पाऊस पडला तर भरघोस, नाही तर शून्य. अशा पिकाखाली सगळे रान घालू नये, हे शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

इटलीचा कायदा काय सांगतो

कृषी पर्यटनाच्या बाबतीत इटली हा देश जगात अग्रेसर मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील खेड्यांतून शहरांकडे मोठे स्थलांतर झाले. डोंगराळ भागातील शेते ओस पडू लागली, दगडी घरे कोसळू लागली. अशा वेळी शेतकऱ्याला गावातच उत्पन्न मिळावे म्हणून शेतावर पाहुणे ठेवण्याची कल्पना पुढे आली. १९६५ मध्ये या कामासाठी शेतकऱ्यांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९८५ मध्ये या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आज त्या देशात २५ हजारांहून अधिक कृषी पर्यटन केंद्रे आहेत.

या कायद्यातील पुढील तरतुदी आपल्या दृष्टीने विचार करण्याजोग्या आहेत.

१) पाहुणे ठेवण्याचा हा परवाना शेती करणाऱ्यालाच मिळतो. केवळ जमीन असून भागत नाही, ती कसलेली असावी लागते.

२) शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. तो मुख्य आहे की नाही हे ठरवताना विशेषतः कामाचा वेळ पाहतात. वर्षभरात शेतीच्या कामाला लागणारा वेळ पाहुण्यांच्या कामाला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक असावा लागतो. एका वेळी दहापर्यंतच पाहुणे ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र शेती मुख्य आहे असे गृहीत धरले जाते.

३) पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून असलेल्या इमारती वापरायच्या असतात. जुना गोठा, धान्याचे कोठार, वडिलोपार्जित घर यांचीच डागडुजी करून खोल्या करतात. त्यामुळे पिकाखालील जमीन वाचते आणि भांडवलही कमी लागते.

४) ताटात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांत स्वतःच्या शेतातील आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या मालाचा ठरावीक वाटा असावा लागतो. त्याचे प्रमाण तेथील प्रांत ठरवतात.

या चारही तरतुदींमागे एकच विचार आहे. पाहुणा शेत पाहायला येतो. शेतच राहिले नाही तर तो येईल कशाला? शेती सोडून नुसते हॉटेल काढले तर त्या शेतकऱ्याची स्पर्धा शहरातील मोठ्या हॉटेलांशी होते आणि तिथे भांडवलाच्या जोरावर ते जिंकणार हे उघड आहे. शेतकऱ्याजवळ जे आहे ते हॉटेलवाल्याजवळ नाही, आणि ते म्हणजे चालू शेती.

शेतीचा रोग, पर्यटनाला मरण

शेती आणि पर्यटन एकमेकांत किती गुंतलेली असतात याचे ठळक उदाहरण २००१ साली ब्रिटनमध्ये दिसून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत तेथे जनावरांमध्ये लाळ्या खुरकूत रोगाची साथ उद्भवली. साथ आटोक्यात आणण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोगाचा प्रसार माणसांच्या पायांनी व वाहनांच्या चाकांनी होऊ नये म्हणून ग्रामीण भागातील पायवाटा बंद करण्यात आल्या. परिणामी फिरायला येणारे लोक थांबले आणि गावोगावच्या खानावळी, मुक्कामाची घरे व दुकाने ओस पडली. जनावरांचा रोग, पण पर्यटन व्यवसायाचे नुकसान शेतीच्या नुकसानीपेक्षा कमी नव्हते, किंबहुना अधिकच होते.

आपल्याकडे लाळ्या खुरकूत नवीन नाही आणि २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाचाही अनुभव आपण घेतला आहे. म्हणून ज्यांच्या शेतावर पाहुणे येतात त्यांनी जनावरांचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे करून घ्यावे. गोठ्याच्या दाराशी जंतुनाशकाच्या द्रावणाचा पायधुणा ठेवावा. आजारी जनावर वेगळे बांधावे व त्या भागात पाहुण्यांना जाऊ देऊ नये. एका गोठ्यातून थेट दुसऱ्या गोठ्यात पाहुण्यांना फिरवणे टाळावे.

पाण्याची वाटणी

इंडोनेशियातील बाली बेटाचे उदाहरण भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. या बेटावर डोंगरउतारावरील भातखाचरांना पाणी वाटून देण्याची सुबक नावाची सामुदायिक पद्धत हजारेक वर्षांपासून चालू आहे. एका पाटावरील सर्व शेतकरी एकत्र येऊन पाण्याच्या पाळ्या आणि लावणीच्या तारखा ठरवतात. पाण्याच्या देवळांना त्यात महत्त्वाचे स्थान आहे. आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीशी तिचे बरेच साम्य आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने या खाचरांचा आणि देवळांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

ही हिरवी खाचरे पाहण्यासाठी जगभरातून लोक बालीला येतात. २०१९ मध्ये तेथे ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. पण या पर्यटकांसाठी बांधलेल्या हॉटेलांना आणि बंगल्यांना जमीन लागते, आंघोळीला, धुण्याला आणि पोहण्याच्या तलावांना पाणी लागते. ती जमीन आणि ते पाणी खाचरांच्याच वाट्यातून जाते. ज्या भातशेतीमुळे पर्यटक आले, तीच भातशेती पर्यटकांमुळे आकुंचन पावत आहे.

फिलिपीन्समधील इफुगाव भागातील भातखाचरांची कथा थोडी वेगळी आहे. ही खाचरे १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. परंतु बांध घालणे, पाट साफ करणे ही कष्टाची कामे करायला तरुण माणसे गावात राहिली नाहीत. खाचरे पडीक पडू लागली आणि बांध ढासळू लागले. २००१ मध्ये हे ठिकाण धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत टाकावे लागले. दुरुस्तीची कामे झाल्यावर २०१२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आले. पर्यटक देखावा पाहून जातो, पण तो देखावा ज्याच्या कष्टाने टिकतो त्याच्या हाती पुरेसा पैसा पडला नाही तर देखावाही टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्या शेतावरील पाण्याचा हिशेब आधी मांडावा. एका पाहुण्याला दिवसाला १५० लिटर पाणी लागते असे धरल्यास आठ पाहुण्यांना १,२०० लिटर लागेल. एका मोठ्या दुभत्या जनावरास पिण्यासाठी दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागते. म्हणजे आठ पाहुणे हे पंधरा ते वीस जनावरांच्या पिण्याच्या पाण्याइतके पाणी वापरतील. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला असताना, आणि पाहुण्यांची गर्दीही तेव्हाच असताना, हे पाणी कोठून आणणार याचे उत्तर खोल्या बांधण्यापूर्वी शोधावे. आंघोळीचे व स्वयंपाकघरातील सांडपाणी वेगळे काढून, गाळून केळी, नारळ किंवा गवताच्या वाफ्याला द्यावे. शौचालयाचा सेप्टिक टँक विहिरीपासून किमान ५० फूट दूर आणि विहिरीच्या खालच्या उताराला असावा.

गर्दीला मर्यादा हवी

गेल्या काही वर्षांत युरोपातील प्रसिद्ध शहरांपुढे नवीच अडचण उभी राहिली आहे. तेथे पर्यटक कमी पडत नाहीत, ते फार होतात. इटलीतील व्हेनिस शहराच्या जुन्या भागात राहणाऱ्यांची संख्या ५० हजारांच्या खाली गेली आहे. घरांची भाडी वाढली, रोजच्या वापराची दुकाने जाऊन त्यांच्या जागी भेटवस्तूंची दुकाने आली. शेवटी २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेश आकारणी सुरू करण्यात आली. थायलंडमधील माया बे हा समुद्रकिनारा तर प्रवाळांची हानी झाल्यामुळे २०१८ मध्ये बंद करावा लागला. तो २०२२ मध्ये मर्यादित संख्येसाठी पुन्हा उघडला.

आपल्या राज्यातही याची उदाहरणे आहेत. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आणि फुलांच्या हंगामात तेथे लोटालोट होऊ लागली. त्यामुळे दिवसाला तीन हजार लोकांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणीची पद्धत आणावी लागली. अकोले तालुक्यात भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यास गर्दी होते. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीच्या मीलनाचा संकेत असतो. वाहनांचे दिवे, विजेऱ्या आणि गोंगाट यांमुळे त्यात अडथळा येतो. मीलन झाले नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढील वर्षी काजवे कमी.

ज्याप्रमाणे गायरानावर किती जनावरे चरावीत याला मर्यादा असते, त्याचप्रमाणे आपले शेत, पाणी, शौचालये आणि घरातील माणसांचे हात यांनाही मर्यादा असते. ती आकड्यात ठरवून घ्यावी आणि त्यापुढे नकार द्यावा. आलेला पाहुणा परत पाठवणे आपल्या स्वभावात बसत नाही, हे खरे. परंतु वीस जणांच्या सोयीत साठ माणसे कोंबली तर ती साठही पुन्हा येत नाहीत.

पैसा कोणाकडे जातो

पर्यटकाने खर्च केलेला सर्व पैसा त्या गावात राहतो असे नाही. प्रवासी कंपनी, नोंदणी करणारी मध्यस्थ संस्था, शहरातून येणारा किराणा आणि बाटलीबंद पाणी यांच्या वाटे तो बाहेर जातो. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पाटातून शेतापर्यंत पोहोचेपर्यंत पाणी जसे मुरते, तसाच हा प्रकार आहे.

यांपैकी मोठी गळती मध्यस्थाच्या दलालीची असते. संगणक व मोबाइलवरून खोल्यांची नोंदणी करणाऱ्या कंपन्या साधारणपणे भाड्याच्या १५ टक्के किंवा त्याहून अधिक दलाली घेतात. नवीन केंद्राला या कंपन्यांमुळे गिऱ्हाईक मिळते हे मान्य केले पाहिजे. परंतु आडत्यावर कायम विसंबून राहणाऱ्या बागायतदाराची जी स्थिती होते तीच येथेही होते. म्हणून एकदा आलेल्या पाहुण्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक व आवड यांची वही ठेवावी. हुरडा, आंबा, भातलावणी अशा प्रसंगी त्याला स्वतः कळवावे. दुसऱ्या वेळी तो थेट आपल्याकडे आला पाहिजे.

जमाखर्चाचा नमुना

पुढील हिशेब केवळ उदाहरणादाखल दिला आहे. आपल्या भागातील दर घालून प्रत्येकाने तो स्वतः मांडावा. एक पाहुणा एक दिवस राहिला की एक ‘पाहुणा-दिवस’ धरला आहे.

समजा एका शेतकऱ्याने चार खोल्या बांधल्या. एकूण खर्च १२ लाख रुपये, पैकी ४ लाख स्वतःचे व ८ लाख बँकेचे कर्ज. व्याजदर ११ टक्के व मुदत ७ वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १३,७०० रुपये येतो.

अ) वर्षाचा हप्ता : रु. १,६४,४००
ब) मदतनीस, दुरुस्ती, किमान वीजबिल, विमा इत्यादी वार्षिक स्थिर खर्च : रु. १,२०,०००
क) पाहुणे आले नाहीत तरी करावाच लागणारा खर्च (अ + ब) : रु. २,८४,४००
ड) एका पाहुण्याकडून दिवसाला जेवणासह मिळणारी रक्कम : रु. १,५००
इ) त्यावर होणारा खर्च (शिधा, मजुरी, धुलाई, वीज) : रु. ७००
ई) थेट आलेल्या पाहुण्यामागे शिल्लक : रु. ८००
उ) १५ टक्के दलाली (रु. २२५) दिल्यास शिल्लक : रु. ५७५

सर्व पाहुणे थेट आले तर खर्च भरून निघण्यास वर्षाला ३५६ पाहुणा-दिवस लागतील. सर्व पाहुणे मध्यस्थामार्फत आले तर ४९५ लागतील. चार खोल्यांत प्रत्येकी दोन याप्रमाणे आठ पाहुणे धरल्यास, शनिवार-रविवार मिळून आठवड्याला १६ पाहुणा-दिवस भरतात. म्हणजे थेट पाहुण्यांनीदेखील बावीसहून अधिक आठवडे सर्व खोल्या भरलेल्या असाव्यात, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होईल. नफा त्यानंतर. मध्यस्थामार्फत हेच आठवडे एकतीस होतात. पावसाळ्याचे मोठे दिवस, परीक्षांचे महिने आणि ऐन सुगी वगळता वर्षात असे किती आठवडे मिळतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता दुसरी बाजू पाहा. याच शेतकऱ्याने कर्ज न काढता, जुन्या वाड्यातील खोल्या दुरुस्त करून सुरुवात केली आणि स्थिर खर्च तेवढाच धरला, तरी १५० पाहुणा-दिवसांत खर्च निघतो. म्हणजे दहा आठवड्यांहून कमी काळ. २०२० सारखे वर्ष पुन्हा आले तर पहिल्या शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नातून पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम काढून द्यावी लागेल. दुसऱ्याला मदतनीसाचा पगार व किरकोळ खर्च एवढेच भागवावे लागेल.

या हिशेबात एक खर्च सहसा कोणी धरत नाही. तो म्हणजे घरातील स्त्रियांच्या कष्टाचा. पहाटेची धारा-शेणकूर, शेतातील खुरपणी आणि त्यावर दहा-बारा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक हे सर्व एकाच बाईवर पडले तर व्यवसाय फार दिवस चालत नाही. तिच्या कामाची मजुरी खर्चात धरावी, शिल्लक तिच्या नावाने बँकेत टाकावी आणि किती पाहुणे घ्यावयाचे हे ठरवताना तिचे मत आधी विचारावे. गावातील महिला बचत गटाकडे भाकरी, चटण्या, पापड यांचे काम सोपवल्यास भार हलका होतो आणि पैसाही गावात राहतो.

पिकाच्या वेळापत्रकावर पाहुण्यांचे वेळापत्रक

शेतात पाहण्यासारखे व चाखण्यासारखे काय आहे, त्यावर पाहुण्यांचा हंगाम ठरवावा. हुरडा हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यासाठी गुळभेंडी, सुरती यांसारखे स्थानिक किंवा फुले मधुर, परभणी वसंत यांसारखे सुधारित वाण निवडता येतात. सर्व ज्वारी एकाच दिवशी पेरल्यास हुरडा आठ-दहा दिवसांत संपतो आणि पुढे कणसे कडक होतात. म्हणून हुरड्यापुरते क्षेत्र वेगळे ठेवून दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार टप्प्यांत पेरणी करावी. त्यामुळे हिवाळ्यात दीड-दोन महिने कोवळा हुरडा मिळतो. पाहुणे आले नाहीत तर कणसे पक्व होऊ द्यावीत. धान्य आणि कडबा कुठे जात नाही.

याच पद्धतीने कोकणात जुलैतील भातलावणी व उन्हाळ्यातील आंबा-काजू, नाशिक भागात जानेवारी ते मार्चमधील द्राक्षे, महाबळेश्वर परिसरात हिवाळ्यातील स्ट्रॉबेरी, विदर्भात संत्र्याचे बहार यांचा मेळ घालता येईल.

जेवणाच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील २८ टक्के वाटा हॉटेले, खानावळी व तत्सम ठिकाणांचा होता. मोठी हॉटेले आता ही नासाडी कमी करण्याच्या मागे आहेत. आपल्याकडे पंगत ही चांगली पद्धत आहे. पाने मांडून, विचारून, थोडे थोडे वाढल्यास अन्न वाया जात नाही आणि पाहुण्यालाही अगत्य वाटते. माणसांची संख्या आदल्या दिवशी पक्की करून घ्यावी. उरलेले ओले जिन्नस गांडूळ खतासाठी किंवा गोबर गॅससाठी वापरावेत.

घ्यावयाची दक्षता

१) शेततळे व विहीर यांना मजबूत कुंपण घालावे. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पडलेल्या माणसाला निसरड्या उतारामुळे वर येता येत नाही. काठावर दोर, हवा भरलेली ट्यूब आणि तळ्याच्या उतारावर दोराची शिडी कायम असावी.

२) कीटकनाशके कुलुपात ठेवावीत. फवारणी केलेल्या प्लॉटवर फलक लावावा आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेला काढणीपूर्व कालावधी संपेपर्यंत पाहुण्यांना तेथील फळे, भाजी तोडू देऊ नये.

३) विजेच्या मोटारी, उघड्या तारा, कडबाकुट्टी यंत्र व मळणी यंत्र यांपासून मुलांना दूर ठेवावे. सर्पदंशावर उपचार मिळणारे जवळचे रुग्णालय कोणते, याची माहिती भिंतीवर लावावी.

४) महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आहे. त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. अटी व सवलती बदलत असल्याने विभागीय कार्यालयातून चालू माहिती घेऊनच खर्च करावा. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही आवश्यक आहे.

५) मुक्कामी पाहुण्यांची ओळखपत्रासह नोंदवही ठेवावी. परदेशी पाहुणा राहिल्यास त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात कळवणे बंधनकारक आहे.

पाहुणे न ठेवताही लाभ

प्रत्येकाने पाहुणे ठेवलेच पाहिजेत असे नाही. आपल्या परिसरात पर्यटन वाढत असेल तर हॉटेलांना व कृषी पर्यटन केंद्रांना माल पुरवणे हाही एक मार्ग आहे. स्थानिक तांदूळ, गावठी अंडी, रानभाज्या, नाचणी-वरीसारखी भरडधान्ये, लाकडी घाण्याचे तेल, गूळ, मध यांना तेथे मागणी असते. मात्र हॉटेलवाल्याला माल रोज, ठरलेल्या वेळी, प्रतवारी करून आणि एकसारखा हवा असतो. हे एकट्याला जमत नाही. सात-आठ शेतकऱ्यांनी गट करून लागवडीच्या तारखा वाटून घेतल्यास पुरवठा सलग राहतो. उधारी किती दिवसांची, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावे आणि एकाच हॉटेलवर सगळा माल टाकू नये.

सारांश

शेतकरी बंधू-भगिनींनो, जगातील पर्यटन व्यवसाय मोठा आहे आणि तो पुढेही वाढेल. त्यातील काही वाटा आपल्या शिवारात यावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण २००१ चे ब्रिटन, २०२० ची टाळेबंदी, बालीची खाचरे आणि इटलीचा कायदा हे सारे एकच सांगतात. शेती चालू असेल तरच पाहुणा येतो, आणि पाहुणा आला नाही तर शेतीच आपल्याला सांभाळते. म्हणून सुरुवात असलेल्या घरात, दोन खोल्यांनी, शक्यतो स्वतःच्या पैशाने करावी. दोन हंगामांचा जमाखर्च वहीत लिहावा. त्यात शिल्लक दिसली तर तिसरी खोली बांधावी. ज्या वर्षी पाहुण्यांच्या कामामुळे पेरणी मागे पडली किंवा जनावरांकडे दुर्लक्ष झाले असे दिसून येईल, त्या वर्षी पाहुणे कमी करावेत, पीक कमी करू नये.